चौदा रंगांची खाडी

“बाई, आत्ता आपण कुठल्या रंगावर आहोत?” चिन्मयीने विचारलं.

मी हातातला नकाशा उलगडला. वारा खाडीच्या मुखाकडून येत होता आणि कागद हातात ठरत नव्हता.

“पिवळ्यावर.”

“म्हणजे घट्ट रेव!” अकराही पोरं एका सुरात ओरडली.

“शाब्बास. आणि निळा?”

“पाणी!”

“हिरवा?”

“कांदळ!”

“आणि काळा?”

“चिखल! जायचा नाय!”

ओहोटीने उघड्या पडलेल्या खाडीच्या तळावर आम्ही उभे होतो. मागे जुवा, म्हणजे खाडीच्या मधलं माडांचं बेट. समोर अर्ध्या किलोमीटरवर आमच्या खारवणे गावचा धक्का. सकाळी साडेसातला याच तळावरून चालत, थोडा पूर्वेकडून वळसा घेऊन, आम्ही जुव्यावर गेलो होतो. तिसरीच्या वर्गाची क्षेत्रभेट. आता परतायचं होतं. साडेआठला ओहोटी संपली होती आणि माझ्या घड्याळात सव्वानऊ झाले होते. नऊच्या आत जुवा सोडायचा असं मी स्वतःला बजावलं होतं. पण काठाच्या मातीत पोरांना खंड्याचं बीळ सापडलं, मग एकाची चप्पल हरवली, आणि तेहतीस वर्षं शिकवूनही माझी ही खोड गेली नव्हती. पोरं रमली की मला घड्याळ दिसत नाही.

“बाई, आलो त्याच वाटेने जायचं ना?” मयुराने विचारलं.

मयुरा कुबल चौथीपर्यंत माझ्या वर्गात होती. आता ती पुण्यात इंजिनीयरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती आणि नकाशा तिनेच केलेला होता.

“वळसा कशाला? उशीर झालाय. सरळ धक्क्याकडे जाऊ. मधे सगळं पिवळंच तर आहे.”

तिने माझ्या खांद्यावरून कागदाकडे पाहिलं. “हो, पिवळंच आहे,” ती म्हणाली. पण लगेच निघाली नाही. तिला काहीतरी आठवत असावं. मी पुढे झाले म्हणून तीही निघाली.

तो नकाशा कसा झाला ते इथे सांगते. मयुराने डिसेंबरात भर ओहोटीला ड्रोनने खाडीचे फोटो काढले होते. ते ती संगणकाला द्यायची आणि संगणक त्यांचे आपोआप भाग पाडायचा. डीप लर्निंग, असं ती म्हणायची. मुलांना हे सांगायचं कसं, म्हणून मी वर्गात सतरंजीवर टोपलीभर शिंपले आणि खडे ओतले आणि म्हटलं, “लावा.”

“कसे लावायचे?”

“ते मी सांगणार नाही.”

पोरांनी ढीग केले. गुळगुळीत एकीकडे, रेघांचे एकीकडे, भोकं पडलेले तिसरीकडे. मग मयुराने सांगितलं, “संगणक हेच करतो. ही वाळू, हा चिखल, असं त्याला कुणीच शिकवत नाही. तो फोटोतला एकेक ठिपका बघतो, त्याच्या शेजारचे बघतो आणि सारखे वाटतील त्यांना एक रंग देतो. मग पुन्हा पहिल्यापासून बघतो आणि आपलंच चुकलेलं सुधारतो. असं शेकडो वेळा. सुरुवातीला शंभर रंग असतात. जवळजवळचे रंग एकमेकांत मिसळत जातात. किती रंगांवर थांबायचं, तेवढं आपण सांगायचं.”

“म्हणजे नवीन बदली होऊन आलेल्या मास्तरांसारखो,” भूषण तारी म्हणाला. “कोण कोणासोबत बसता ता कळता, नाव एकाचा येत नाय.”

सगळा वर्ग हसला. मीही हसले.

मयुराला मी सांगितलं, सहा रंगांवर थांब. हा माझा जुना नियम होता. तिसरीच्या मुलापुढे सहाच्या वर रंग ठेवले की ते नकाशा बघत नाही, रंगीत कागद बघतं. “चौदावर जास्त नीट येतो, बाई,” ती म्हणाली. “तो चौदाचा तुझ्या सरांना दाखव,” मी म्हणाले. सहाचा छापून घेतला, धक्क्याजवळ फिरून आलो, पायाखाली घट्ट रेव लागली, तिथे नकाशात पिवळा होता. झालं. पिवळा म्हणजे रेव.

आम्ही चाललो. पुढे चिन्मयी, मग बाकीची पोरं, मधे मी, शेवटी मयुरा. चिन्मयी मोंडकर वर्गात सगळ्यांत किरकोळ अंगाची, आणि पुढे राहायची हौस दांडगी. पायाखालची रेव ओली आणि कडक होती. तिच्यावर पाण्याने काढलेल्या बारीक वेलांट्या होत्या. उजवीकडे लांबवर, जिथे खाडीची मुख्य धार वाहते तिथे, पाण्याची चकाकती रेघ मघापेक्षा रुंद वाटली. मी पावलं उचलली.

“बाई, जमीन हलतेय,” चिन्मयी म्हणाली. तिच्या आवाजात गंमत होती. “बघा, गादीसारखी!”

ती उडी मारायला गेली आणि गुडघ्यापर्यंत आत गेली.

ती आधी हसली. मग पाय उपसायला दुसऱ्या पायावर भार दिला, तेव्हा तोही गेला. वरची वाळू पापडासारखी फुटली आणि खालून काळा चिखल वर आला.

“थांबा!” मी ओरडले. “जिथे आहात तिथे! कुणी पाऊल हलवायचं नाही!”

मी तिच्याकडे धावले. तिसऱ्या पावलाला माझा पाय पोटरीपर्यंत गेला. मी मागे बसकण मारली, म्हणून सुटला. चिन्मयी माझ्यापासून दोन हातांवर होती आणि मांड्यांपर्यंत रुतली होती. आता ती हसत नव्हती.

“बाई, माका भय वाटता.”

“मी आहे ना. हलू नकोस. पुतळा हो बघू.”

मी कोपरं चिखलावर टेकवून तिच्याकडे हात लांब केला.

मयुरा पुढे यायला लागली. “तू थांब तिथेच,” मी म्हणाले. “पोरं मोज.” तिने मोजली. दहा. आणि ही अकरावी.

तोवर भूषणने दोन बोटं तोंडात घालून शीळ घातली होती आणि कांदळांच्या झाडीच्या दिशेने ओरडत होता, “आजये! गे आजये! धाव गे!” त्याची आजी, सुगंधाकाकी, तिकडे चिखलातून तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढत होती. साठी उलटलेली, काटकुळी बाई. चिखलातून फिरताना ती एक काठी आणि एक गुळगुळीत फळी बरोबर ठेवायची, फळीवर गुडघा टेकून सरकायची. तिने मान वर केली, आमच्याकडे पाहिलं, टोपली तिथेच सोडली आणि फळी ओढत निघाली. ती येईपर्यंतचा वेळ मला अजून मोजता येत नाही. मी पोटावर आडवी झाले होते आणि चिन्मयीची बोटं धरली होती.

“ओढू नकात तिका, बाईंनू!” काकी लांबूनच ओरडली. “ओढलात तर आनी खाली जातली!”

ती आली, फळी चिन्मयीच्या छातीशी सरकवली. “ह्येच्यार आडवी पड गे बाय. हात पसर. पाय हलव नको.” मग माझ्याकडे वळून, हळू आवाजात, “पोरांका घेऊन हंय कित्याक इलात?”

“वाट घट्ट असेल असं वाटलं.”

“घट्टच होती. गेल्या साली मी हंयसूनच चलत गेलंय. आज माका कोणी इचारला असता, तर मीय ह्येच वाटेन पाठवलं असतंय.” तिने काठी खुपसली. काठी अर्धी आत गेली. “ह्या नवीन आसा. खंयपर्यंत पसरला हा, देवाक म्हायती.”

निदान काकीला तरी ठाऊक असेल, एवढ्या आशेवर मी होते. मागे दहा पोरं उभी होती, एकमेकांचे हात धरून, आणि ती कशावर उभी होती हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. उजवीकडची चकाकती रेघ आता रेघ राहिली नव्हती. पाण्याच्या जिभा वेलांट्यांमधून आमच्याकडे येत होत्या.

“बाई,” मयुरा म्हणाली. “माझ्या फोनमध्ये चौदाचा नकाशा आहे.”

“बघ.”

तिने फोन काढला, बोटांनी चित्र मोठं केलं आणि पोटावर सरकत येऊन माझ्यासमोर धरला. सहाच्या नकाशात जिथे सपाट पिवळं होतं, तिथे बरोबर मधोमध काजूगरासारखा वाकडा एक तपकिरी तुकडा होता. चिन्मयी त्या तुकड्याच्या पोटात होती. पोरं त्याच्या काठावर. पूर्वेला, सकाळी आलो त्या वळशावर, पिवळ्याला कुठे डाग नव्हता.

मी तो तुकडा ओळखला.

महिन्यापूर्वी मयुराने दोन्ही नकाशे माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले होते. मी याच तुकड्यावर बोट ठेवून विचारलं होतं, “हा तपकिरी डाग कसला?” ती म्हणाली होती, “कळत नाही, बाई. फोटोत मला तिथे वाळूच दिसते. पण संगणकाला वेगळं वाटतंय खरं.” आणि मी म्हणाले होते, “मग पिवळ्यात जाऊ दे. ज्याला नाव नाही ते मी पोरांना सांगू कसं?”

मयुरालाही ते आठवलं असणार. आम्ही एकमेकींकडे पाहिलं नाही.

“बाकीच्यांका न्या आदी,” काकी म्हणाली. “पाणी इला.”

“बाई, तुम्ही न्या. मी थांबते हिच्याजवळ,” मयुरा म्हणाली.

चिन्मयीने माझी बोटं घट्ट आवळली. “बाई, तुम्ही जाव नकात.”

“वाट तुझ्या हातात आहे, मयुरा. तूच ने.”

“आणि हाही चुकला तर?”

“काकीची काठी घे,” मी म्हणाले. “प्रत्येक पावलाआधी टेक. आधी मागे फिर, मग या तुकड्याचं टोक सोडून पूर्वेला. पोरांनो, ऐका. एकामागे एक. मयुराताईच्या पावलावर पाऊल. आणि चालता चालता मोठ्याने आकडे म्हणायचे. पहिल्याने एक, दुसऱ्याने दोन. दहा झाले की परत एक. मला इथे ऐकू आले पाहिजेत. रडणाऱ्यानेसुद्धा आपला आकडा म्हणायचा.”

“आणि चुकलो तर?” भूषण म्हणाला.

“तर उद्या शंभर वेळा लिहायचं.”

ते निघाले. मला मान वळवून बघता येत नव्हतं, कारण माझी हनुवटी चिखलाला टेकलेली होती. मी फक्त ऐकत होते. एक. दोन. तीन. चार. काकी चिन्मयीच्या पायाशी कोपरापर्यंत हात घालून चिखल मोकळा करत होती. पाच. सहा. पहिलं पाणी आलं, गार, माझ्या बरगड्यांखालून सरकत. सात.

आठ आला नाही.

काकीचाही हात थांबला. चिन्मयी माझ्याकडे बघत होती. माझ्या तोंडावर काय दिसत होतं मला ठाऊक नाही, पण ती रडायला लागली.

“आठ!” लांबून एक चिडलेला आवाज आला. “थांबा रे, माजी चप्पल रुतली!”

“मरो ती चप्पल!” काकी एवढ्या जोराने ओरडली की कांदळातले बगळे उडाले.

नऊ. दहा. एक. दोन. आकडे पूर्वेकडे सरकले, बारीक होत गेले. मग वाऱ्याने नुसते तुकडे यायला लागले.

इकडे पाणी चिन्मयीच्या पोटाशी पोचलं. फळी तरंगायला लागली.

“काकी, पाणी चढतंय.”

“चढांदे.”

“काकी, तिच्या छातीशी—”

“बाईंनू, तुमी तुमचा काम करा. तिका धरून ऱ्हवा. ह्यो चिकल सुक्यान सोडूचो नाय. पाण्यानच सुटतलो.”

ज्या पाण्याला मी भीत होते त्याचीच ती वाट बघत होती. मला तिच्यावर विश्वास ठेवावा लागला. त्या सकाळी दुसऱ्याच्या भरवशावर पोर सोपवायची ही माझी दुसरी वेळ होती; आधी दहाजणं मयुराच्या हाती दिली होती.

“चिन्मयी, सातचा पाढा म्हण.”

“माका येत नाय.”

“येतो तुला. सात एके?”

“सात.”

सात चोक अठ्ठावीसला काकीने एक पाय सोडवला. दुसऱ्याला वेळ लागला. पाढा संपला, आठाचा सुरू केला, तिच्या हनुवटीवर पाणी उडायला लागलं, ती थुंकून आकडे म्हणत होती. मी तिच्या काखेत हात घालून तिला वर धरलं होतं आणि धरता धरता मीच खाली जात होते. ते मला कळत होतं. काकीलाही कळत होतं. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा चिखलात हात घातला.

मग चिखलाने मोठा घुटका घेतल्यासारखा आवाज झाला आणि चिन्मयी फळीवर आपटली. काकीने फळीला धक्का दिला. मी फळीच्या कडेला लोंबकळत, पाय मारत, कशीबशी तिच्यामागे आले. पूर्वेला वीस-पंचवीस हातांवर माझ्या गुडघ्याला घट्ट रेव लागली. तिथून धक्क्यापर्यंत आम्ही कमरेइतक्या पाण्यातून चालत गेलो. चिन्मयी काकीच्या खांद्यावर होती.

धक्क्यावर पोरं ओळीने बसली होती. मी मोजली. दहा. पुन्हा मोजली. त्यांच्या मागे गाव गोळा झालं होतं. चिन्मयीची आई पायऱ्या उतरून पाण्यात आली, पोरीला काकीकडून घेतलं आणि तिचे पाय, हात, तोंड चाचपून बघायला लागली.

मयुरा तिच्यापुढे जाऊन उभी राहिली. काठी अजून तिच्या हातात होती. “वहिनी, चूक माझी. माझा नकाशा चुकला.”

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, “कॉम्प्युटरवर इसवास ठेवल्यावर आनी काय होतला?”

मी तेव्हा गप्प बसले असते तरी चाललं असतं. सगळ्यांना मी भिजलेली, चिखलाने माखलेली, पोरीला घेऊन आलेली बाई दिसत होते. एक म्हातारा मला बसायला स्टूल देत होता.

“तिचा नकाशा चुकला नव्हता,” मी म्हणाले. “त्यात ती जागा वेगळी दाखवली होती. मी ती पुसायला लावली. आणि आजही सरळ वाटेने मीच नेलं.”

चिन्मयीच्या आईने माझ्याकडे पाहिलं. पोरीला उचलून वर निघून गेली.

मी शिक्षण विभागाच्या केंद्रप्रमुखांना जसं घडलं तसं लिहून दिलं. चौकशी झाली. मयुरा पुन्हा पुण्याला गेली. जाण्याआधी चौदा रंगांचा नकाशा मोठा छापून माझ्या टेबलावर ठेवून गेली. दहा पोरं दुसऱ्याच दिवशी शाळेत आली. चिन्मयी आली नाही. आठ दिवस तिची जागा रिकामी होती. हजेरी घेताना मी तिचं नाव रोज घेत होते, आणि भूषण रोज म्हणत होता, “नाय इली, बाई.” तिच्या घरी जायला मी दोनदा निघाले आणि दोन्ही वेळा त्यांच्या दारच्या विहिरीपासून परत फिरले.

नवव्या दिवशी मधल्या सुट्टीत तिची आई आली. चिन्मयी तिच्या मागे उभी होती, नवीन चपला घालून.

“बाई, तो नकाशा दाखवा,” आई म्हणाली. “सहाचा नको. दुसरा.”

मी तो टेबलावर पसरला. ती खुर्चीवर बसली नाही. उभ्यानेच वाकून बघत राहिली.

“खंय होती ही?”

मी तपकिरी तुकड्यावर बोट ठेवलं. तिने माझं बोट बाजूला केलं आणि तिथे स्वतःचं ठेवलं. बराच वेळ ते उचललं नाही.

“ह्या जाग्याचा नाव काय?”

“अजून नाव नाही,” मी म्हणाले. “संगणक नुसतं वेगळं करतो. नाव आपण द्यायचं असतं.”

“मी देतंय,” चिन्मयी म्हणाली. तिने माझ्या टेबलावरच्या पेल्यातली पेन्सिल घेतली आणि नकाशावर ओणवी झाली.

“चिन्मयी, बाळा, थांब,” मी म्हणाले. “त्या जागेचं... ती जागा मीच—”

“म्हायत आसा. आयेन सांगितल्यान.”

ती लिहीत राहिली. जीभ बाहेर काढून, एकेक अक्षर दाबून. आईने ते आधी वाचलं आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. मग मी वाचलं. तपकिरी रंगावर, काठाबाहेर जाऊ न देता, तिने लिहिलं होतं :

बाई थांबल्या ती जागा.